मनगटावरची तीन बोटं

“मैनात असं काय आहे अक्का, जे माझ्यात नाही?”

हेमांगीने दारातूनच विचारलं. आत येऊ का, हेसुद्धा नाही.

अक्का खिडकीपाशी बसून बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत होत्या. अक्का म्हणजे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला माणसाचं शरीर शिकवणाऱ्या बाई. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या. बोलण्यात भारी कंजूष. मी समोर बसून गुंडाळ्या डब्यात रचत होते. मला कुणी ऊठ म्हटलं नाही, आणि मला उठायचंही नव्हतं.

कारण प्रश्न माझाही तोच होता. विचारायची छाती तेवढी नव्हती.

अक्का दरवर्षी एकाच मुलीला सकाळच्या राउंडला बरोबर घेत. त्यांच्या हाताखाली वर्ष काढलेली मुलगी पुढे कुठे अडत नाही, असं सगळा दवाखाना म्हणायचा. अ‍ॅनाटॉमीत पहिली आलेली हेमांगी ती जागा आपलीच धरून चालली होती. वडिलांना फोन करून सांगूनही मोकळी झाली होती. आणि काल आमच्याच वर्गातल्या मैनाबद्दल अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, “मैनाचा हात चांगला आहे.”

एवढंच. पण हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तिला फुफ्फुसाचे भाग सांगता येत नाहीत,” हेमांगी म्हणाली. “उजव्याला किती, डाव्याला किती, विचारून बघा. गोंधळते.”

“गोंधळते.”

“मी दोनशे सहा हाडं डोळे मिटून सांगते.”

“सांगतेस.”

“मग?”

अक्कांनी हातातली पट्टी पुरी गुंडाळली. टोक आत खोचलं.

“सात नंबरच्या आजींचा श्वास तू किती लिहिलास?”

“अठरा. पूर्ण मिनिट मोजला. अगदी नॉर्मल.”

“मैनाने?”

“चौतीस! माझ्यानंतर दहा मिनिटांत. अंदाजे ठोकला असणार. आणि तुम्ही तिच्याच आकड्यावर डॉक्टरांना बोलावलंत.”

डॉक्टर आले, छाती ऐकली आणि आजींना लगेच ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया. हेमांगीला हे ठाऊक होतं. तेच तर सलत होतं.

“मोजायच्या आधी तू आजींना काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? ‘आजी, तुमचा श्वास मोजते हं, नीट घ्या.’”

“आणि मैना?”

“काहीच नाही. नाडी बघितली आणि हात तसाच धरून बसली. अजून नाडीच बघतेय असं दाखवत. ढोंगी कुठली!”

“आजींची सून बाळंत झालीय,” अक्का म्हणाल्या. “त्यांना घरी जायची घाई आहे. तू मोजतेस म्हटल्यावर त्यांनी मिनिटभर कळ काढून श्वास सावकाश घेतला.”

हेमांगीने मान झटकली.

“हे तुम्ही मैनाला आधी सांगितलं असणार. तिला तुम्ही वेगळं शिकवता.”

“वर्गात सांगितलं होतं. सगळ्यांना.”

सांगितलं होतं. माझ्या वहीत आहे. श्वास मोजतोय हे रोग्याला कळू द्यायचं नाही, कळलं की तो बदलतो. लिहून घेतलं आणि विसरले.

“जळतेस तिच्यावर?” अक्कांनी विचारलं.

“हो, जळते!” हेमांगीचा आवाज फाटला. “ती हसली तरी मला त्रास होतो. तिला कमी मार्क पडले त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले. झालं समाधान?”

अक्कांशी असं कुणी बोलत नसे.

अक्कांनी हात पुढे केला.

“आण मनगट.”

हेमांगी पुढे येऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. अक्कांनी तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. दुसऱ्या हाताने छातीवर टाचलेलं घड्याळ वर उचललं.

“बोल. मैनाबद्दल आणखी काय आहे ते बोल.”

हेमांगी बोलली. मैना उशिरा येते. मैनाचं इंग्रजी कच्चं. मैनाला रोगी नावाने हाक मारतात, मला नुसतं सिस्टर म्हणतात. मैनाने माझं काय काय घेतलं, कुणाला सांगू… बोलून बोलून ती दमली.

“किती आली नाडी?” तिने विचारलं.

“नाडी नाही बघितली.”

“मग?”

“मैनाचं नाव आलं की तू श्वास धरतेस. चारही वेळा धरलास.”

“मुद्दाम नाही धरला.”

“मुद्दाम कोण धरतं, पोरी…”

हेमांगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हात मात्र तिने काढून घेतला नाही.

“म्हणजे राउंडला तीच.”

“उद्या सकाळी सात वाजता,” अक्का म्हणाल्या. “तू ये. शिकायचं तुझं राहिलंय.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. हेमांगीलाही तसंच वाटलं असणार, कारण ती आधी अक्कांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली. मग रडता रडताच हसली. जिंकली होती बया! खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. अ‍ॅनाटॉमीच्या कुठल्याच आकृतीत हे दुखणं दाखवलेलं नाही.

हेमांगीने पदराने डोळे पुसले आणि उठायला लागली. मनगट अजून अक्कांच्या बोटांतच होतं.

अर्धवट उठलेली ती तशीच थांबली.

“अक्का… मैनालाही बोलावलंय का?”

अक्का घड्याळाकडे बघत होत्या.

“श्वास सोड, हेमांगी.”