पाच मुठी सातू

बाळांनो, आधी मला एक सांगा. रानात भूक लागलीय आणि समोर दोघं उभे आहेत. एकाच्या हातात चकचकीत पुडा, दुसऱ्याच्या हातात सुती फडक्याची पुरचुंडी. विश्वास कुणावर ठेवाल? माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण चाळीस वर्षं किराणा विकून मला एवढं कळलं, की जो आपली गाठ तुमच्यासमोर सोडतो आणि पहिली मूठ तुमच्या हातावर ठेवतो, त्याच्यावर ठेवावा. आणि हेही मला शिकवलं ते आठ वर्षांच्या बकुळेने.

बकुळेची आई हौसाबाई आमच्या बाजाराच्या टोकाला भट्टीवर चणे-फुटाणे भाजायची. घर म्हणजे भट्टीमागची एक खोली. भिंत इतकी तापायची, की मायलेकी झोपेतही पदराने वारा घालत. बकुळेने पुस्तकात तंबूचं चित्र पाहिलं होतं. निळा तंबू, भोवती हिरवंगार गवत. त्यात एकदा, फक्त एकच रात्र, गार गार झोपायचं, एवढंच तिचं स्वप्न होतं.

आणि शाळेची सहल ठरली. देवराईत तंबू, एक मुक्काम, खाणं ज्याचं त्याने आणायचं.

आदल्या दिवशी सगळी मुलं माझ्या दुकानात. कुणाला शेवयांचे पुडे हवेत, कुणाला क्रीमची बिस्किटं. खोटं कशाला बोलू, मी हसत हसत बांधून दिलं. बकुळा मात्र पायरीवर उभी.

"शेठ, एक वेलदोडा द्या."

"एकच?"

"एकच पुरतो. आई म्हणते, वास यावा, वेलदोडा दिसायला नको."

घरी हौसाबाईने गहू ओलवून भाजले, डाळं भाजलं, वेलदोडा घालून जात्यावर दळलं, गूळ किसून मिसळला. झालं सातूचं पीठ. पाण्यात कालवा आणि खा. ना चूल, ना तेल. पाच मुठी भरल्या.

"एवढंच आहे गं," ती म्हणाली.

"तुला ठेवलंस?"

"मी काय, फुटाण्यातच बसलेय." पण बकुळेला ठाऊक होतं, आई फक्त फुटलेले, करपलेले दाणे खाते.

देवराई काय सुंदर. पोपटी उजेड, लालचुटुक फळं, सोनेरी फुलपाखरांच्या भिरभिरत्या माळा, आणि खडकातून झुळझुळणारा चांदीसारखा झरा. राईची राखण करणाऱ्या गुरवीणकाकू काठी टेकत आल्या.

"गुरुजी, चूल मांडायची नाही हं इथं. वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही. आणि राईतलं काही बाहेर न्यायचं नाही. आजोबा-पणजोबांपासूनची रीत आहे."

शेवयांचे पुडे तसेच राहिले. डबे उघडले, तर बटाट्याची भाजी आंबलेली. सगळ्यांच्या आयांनी घाईत गरम गरमच कोंडली होती. बिस्किटांचं क्रीम वितळलं आणि मुंग्यांची वरात निघाली.

वैजनाथ गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "पोरं उपाशी कशी ठेवू? तासाभरात निघू या परत."

बकुळेच्या डोळ्यांसमोरचा निळा तंबू विरघळायला लागला. रडू दिसू नये म्हणून ती झऱ्यावर गेली.

तिथे शेवाळाच्या मखमली गादीवर, करंगळीएवढी, इवलीशी परी बसली होती. मोरपंखी झगा, दवाच्या थेंबांचा मुकुट, पण पंख चिकटलेले.

"तुमच्या बिस्किटातलं ते गोड गोड," परी कण्हली. "चव पाहायला गेले आणि अडकले."

बकुळेने ओंजळीत पाणी घेतलं आणि करंगळीच्या टोकाने एकेक पंख धुतला. मग पुरचुंडी सोडली, चिमूटभर सातू कालवला आणि मोहरीएवढ्या गोळ्या करून परीला भरवल्या.

"अगं, हे तर खमंग," परी म्हणाली आणि तिचे पंख इंद्रधनुष्यासारखे चमचमले. "माग काय ते. एकच मागणं."

जरीचा झगा बकुळेच्या ओठांवर आला होता. पण तिला मुलांचे सुकलेले चेहरे आठवले.

"परीताई, ही पुरचुंडी सगळ्यांना पुरू दे. मग कुणाला परत जावं लागणार नाही."

"पुरेल. पण नियम ऐक. पहिली मूठ दुसऱ्याला, शेवटची तुला. राईची रीत मोडायची नाही. आणि उद्या निघताना मला सांगायचं, किती मुठी गेल्या. मोजताना चुकलीस तरी चालेल. लपवलंस, तर गाठीत काही उरणार नाही."

बकुळा तंबूंपाशी आली तेव्हा तिच्या वर्गातला पराग नाक मुरडून म्हणाला, "भट्टीवालीचं पीठ? ते कोण खाणार?"

"तू नको खाऊ," बकुळा म्हणाली, आणि पहिली मूठ त्याच्याच ताटलीत टाकली. परागने एक घास खाल्ला. मग हळूच म्हणाला, "अजून आहे?"

"सगळ्यांचं झालं की."

बावीस मुलं, गुरुजी, गुरवीणकाकू. चोवीस मुठी निघाल्या आणि पुरचुंडी तशीच टपोरी. गुरुजींनी पोटावर हात फिरवला. "राहू या मग." त्या रात्री बकुळा निळ्या तंबूत, गार गवतावर, आईला आठवत झोपली.

सकाळी पुन्हा चोवीस. आणि सगळे तंबू आवरत असताना तिने एक मूठ रुमालात बांधली. आईसाठी.

झऱ्यावर परी वाट पाहत होती. "किती गेल्या?"

"अठ्ठेचाळीस."

"बस?"

झरा झुळझुळत राहिला. बकुळेने रुमाल घट्ट धरला. हो म्हटलं तर आईला खमंग घास मिळेल. नाही म्हटलं तर ही मूठ जाईल. तिने डोळे मिटले आणि रुमाल दगडावर ठेवला.

"एकोणपन्नास. ही आईला न्यायची होती. राईबाहेर न्यायची नाही, हे मला माहीत होतं."

"आणि मला भरवलेल्या गोळ्या?"

"त्या नाही मोजल्या. पाहुण्याचं कुणी मोजतं का?"

परी हसली, आणि घुंगरं सांडल्यासारखा आवाज झाला. "वेडे, तू येताना गाठीत पाच मुठी होत्या ना? त्या तुझ्या आईच्या. अठ्ठेचाळीसमधल्या पाच तिच्या, त्रेचाळीस माझ्या. म्हणजे पाच मुठींचं माझ्याकडून येणं आहे तुला. त्या राईच्या नाहीत, खुशाल ने. आणि खरं बोललीस म्हणून, तुझी आई यातलं खाईल, तितकं रोज सकाळी भरून येईल."

पानापानातून सोनेरी, केशरी, गुलाबी उजेड पाझरला. त्यात परी एक ठिणगी झाली, मग एक लकाकी, मग नुसतं ऊन. बकुळेच्या हातात पुरचुंडी जड झाली होती.

त्या संध्याकाळी हौसाबाईने करपलेले दाणे बाजूला सारले आणि पहिल्यांदा लेकीच्या हातचा कालवलेला सातू पोटभर खाल्ला. दुसऱ्या दिवशी पराग दुकानात आला. "काका, सहलीचं पीठ द्या." माझ्याकडे कुठलं? मी त्याला भट्टीचा रस्ता दाखवला. आता सहल निघाली की मुलं आधी तिकडे जातात, आणि शेवयांचे पुडे मी मागच्या फळीवर सरकवलेत.

तर बाळांनो, तुम्ही रानात जाल, तेव्हा सातू घ्या, फुटाणे-गूळ घ्या, भाजी नेलीत तर निवल्यावर डबा लावा. आणि परतताना मनाशी मोजा, किती खाल्लं, किती दिलं, किती गुपचूप ठेवलं. एवढा हिशेब खरा ठेवा, माझ्यासाठी.