मागची सीट

"...मग महाराज, सिंगल केबिन घेऊ, का डबल?"

प्रश्न विचारून शहाजी सोनगीर महाराजांच्या तोंडाकडे बघत राहिला. जणू पिकअप गाड्यांची एजन्सी महाराजांनीच घेतली होती.

महाराजांचा मठ म्हणजे घाटमाथ्यावरची एक ओसरी, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणात दोन बाजा. सकाळचं धुकं अजून हटलं नव्हतं. अंगण कुठं संपतं आणि दरी कुठं सुरू होते, ते कळत नव्हतं.

महाराज भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"फरक काय दोन्हीत?"

शहाजी खुलला. खाली नदीकाठी त्याची रोपांची नर्सरी होती, बरी चालली होती, आणि गाडी या विषयावर तो हल्ली झोपेतसुद्धा बोलायचा.

"सिंगलला मागं हौदा लांबलचक. रोपांचे ट्रे भरपूर बसत्यात. डबलला आत आणखी एक सीट, माणसं आरामात जात्यात. पर हौदा आखूड. माल कमी बसतो."

"तुझा धंदा मालाचा."

"व्हय."

"मग लांब हौद्याची घे. झालं की."

शहाजी हिरमुसला. उत्तर बरोबर होतं, फक्त त्याला ते नको होतं. सल्ला मागायला येणाऱ्यांचं बहुधा असंच असतं.

"मी म्हणतो, डबलच घ्यावी."

"घे."

"तिला काय काय बसवून घेणार हाय, ते तरी ऐका!"

महाराजांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. ऐकायचं तर नीट ऐकायचं, अशी त्यांची खोड होती.

"मागच्या दाराखाली पायरी. कंपनीची न्हाई, लोहाराकडनं करून घेतलेली, बुटकी. चढताना धरायला आत दांडी. सीटवर लोकरीचं कव्हर. वर छोटा पंखा, पर त्याचा वारा तोंडावर न्हाई आला पायजे, खिडकीकडं वळवलेला..."

"कुणाचे गुडघे दुखतात?"

शहाजी थांबला.

"...आबांचे."

आबा म्हणजे त्याचे वडील. नदीपलीकडच्या शेतात खोपट घालून एकटेच राहत. का, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. नर्सरीला हिरवी जाळी ताणायची होती, म्हणून शहाजीने बांधावरचं जांभळीचं झाड पाडलं. आबांनी पोरवयात लावलेलं. आबा त्या दिवशी बाजाराला गेले होते. परत आले, पडलेल्या झाडाकडे बघितलं, घोंगडी उचलली आणि चालू लागले. तेव्हापासून बापलेकांत अबोला होता.

शहाजी वाईट माणूस नव्हता. घाईचा होता.

"गाडीत बसणार आहेत का ते?" महाराजांनी विचारलं.

"गाडी दारात आली की बसतील."

"त्यांना विचारलंस?"

"...न्हाई."

जरा वेळ तो पायाच्या अंगठ्याने अंगण उकरत राहिला. मग काहीतरी आठवून त्याचा चेहरा उजळला.

"पुढच्या काचंवर रेडियमची अक्षरं लावणार हाय, महाराज. पिवळी. हे बघा, कापूनच आणलीत."

त्याने पिशवीतून गुंडाळी काढून बाजेवर पसरली. 'आबांचा आशीर्वाद'. अक्षरं सुरेख होती, वेलांटीला गोंडा काढलेला होता.

आपल्याकडे हे असंच चालतं. गाडीचा अजून पत्ता नाही, आणि आशीर्वाद मात्र मापात कापून तयार!

महाराजांनी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"छान कापलाय... दिला कधी त्यांनी?"

दरीत कुठलंसं पाखरू दोनदा ओरडलं आणि गप्प झालं. शहाजीने गुंडाळी हळूहळू वळली आणि परत पिशवीत घातली.

"चल," महाराज उठले. "गाडी बघू."

"कुठली?"

"तुझीच."

त्यांनी एक बाज ओढून दुसरीच्या मागे लावली. "ही पुढची सीट, ही मागची. बस तू चालवायला."

शहाजीला हसू आलं, पण तो बसला. महाराजांचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती.

महाराज मागच्या बाजेपाशी आले. एक पाय उचलून त्यांनी नसलेल्या पायरीवर ठेवला. नसलेली दांडी धरली. दुसरा हात गुडघ्यावर दाबत "आई गं" म्हटलं आणि आत बसले. अगदी आबा बसावेत तसे.

शहाजीचं हसू गेलं.

"चालव."

त्याने हात पुढे धरले. त्याच वेळी खालून वारा सुटला. दरीतलं धुकं अंगणावरून मागे मागे वाहू लागलं. कुंपण गेलं, ओसरी गेली. बाज जागची हलली नव्हती, तरी अंगणच पुढे निघाल्यासारखं वाटायला लागलं. शहाजीने खरोखरच हात वळवले.

"हळू," मागून आवाज आला. "वळण हाय."

आवाज महाराजांचाच होता. तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही. वळलो तर हे सगळं जाईल, अशी त्याला भीती वाटली. फार दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. आबा मागे बसलेत, पंख्याचा वारा खिडकीकडे जातोय, आणि रस्ता काही संपत नाही...

"थांबव."

"कुठं?"

"जांभळीखाली. सावलीला."

शहाजीचे हात हवेतच राहिले.

धुकं वाहत होतं...

"जांभळी न्हाई राहिली," तो म्हणाला. "मी पाडली, आबा."

म्हणाला आणि रडला. चाळिशीचा बाप्या, बाजेवर बसून, स्टिअरिंग धरल्यासारखे हात धरून रडला. महाराजांनी त्याला रडू दिलं.

खूप वेळाने त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

"आज जातो मी पलीकडं. आत्ताच जातो." त्याचा आवाज अजून जड होता. "पर महाराज... बसतील का हो आबा माझ्या गाडीत?"

महाराज बाजेवर थोडे सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झटकली.

"तू मागं ये. आबांच्या सीटवर."

"मागं? आन् मग गाडी कोण चालवणार?"

"ये तर..." महाराज समोरच्या धुक्यात बघत होते. "इथनं जांभळी दिसते."