शिंपिणीचा कापूस आणि गळकी गाडी

अंगणात अंजिराचं झाड.
झाडावर एक मोठं पान.
पानात एक घरटं. पण अर्धंच.

घरटं होतं शिंपिणीचं. शिंपीण म्हणजे एवढंसं पाखरू. तुझ्या मुठीत मावेल एवढं. चोच सुईसारखी. शेपूट कायम वर.

शिंपिणीने पान दुमडलं. धाग्याने शिवलं. एक टाका, दोन टाके, तीन टाके. पानाची छान पिशवी झाली.

"आता आत कापूस हवा," शिंपीण म्हणाली. "उद्या मला अंडी घालायची आहेत. दोन."

ओट्यावर आजी बसली होती. आजी वाती वळत होती. आजीच्या परडीत कापूसच कापूस. आजीने शिंपिणीला चिमूटभर दिला.

शिंपिणीने कापूस चोचीत धरला. शेपूट वर, चोच पुढे, टुणुक टुणुक निघाली.

ऊन फार होतं. फरशी फार तापली होती. पाय चटचट भाजले. वाटेत उभी होती आजोबांची गाडी. आकाशी रंगाची, जुनी जुनी. वयाने आजोबांच्या मुलाहूनसुद्धा मोठी. गाडीखाली सावली होती. शिंपीण सावलीत टेकली. कापूस खाली ठेवला.

टप.

वरून थेंब पडला. काळा, चिकट थेंब. पडला तो कापसावरच.

शिंपिणीने कापूस पुसला. तो आणखी काळा झाला. शिंपिणीने कापूस झटकला. आता चोचही काळी झाली.

"टुविट टुविट. माझा पांढरा कापूस गेला."

शेपूट वर, चोच पुढे, टुणुक टुणुक निघाली. गेली आजीकडे.

"आजी गं आजी, कापूस दे.
आजीने दिला कापूस, की घरटं होईल मऊ.
घरटं झालं मऊ, की अंडी घालीन दोन."

आजीने काळ्या कापसाकडे पाहिलं. काळ्या चोचीकडे पाहिलं.

"अगंबाई. देते की. पण तू पुन्हा सावलीला टेकणार. पुन्हा टप होणार. मी वाती वळू, की तुलाच कापूस देत बसू? गाडी गळायची थांबली, की देते."

शेपूट वर, चोच पुढे, टुणुक टुणुक निघाली. गेली गाडीकडे.

"गाडी गं गाडी, गळू नको.
गाडी थांबली गळायची, की आजी देईल कापूस.
आजीने दिला कापूस, की घरटं होईल मऊ.
घरटं झालं मऊ, की अंडी घालीन दोन."

गाडी म्हणाली, "खर्र… खुर्र… मला काय हौस आहे गळायची? माझ्या बुडाला एक नट आहे. थेंब पडतो तो त्याच्यावरून. नट कोरडा राहिला, की मी थांबते."

शेपूट वर, चोच पुढे, टुणुक टुणुक निघाली. वाकून गेली नटाकडे.

"नटा रे नटा, कोरडा राहा.
नट राहिला कोरडा, की गाडी थांबेल गळायची.
गाडी थांबली गळायची, की आजी देईल कापूस.
आजीने दिला कापूस, की घरटं होईल मऊ.
घरटं झालं मऊ, की अंडी घालीन दोन."

नट रागावला होता.

"मी घट्ट आहे. अगदी घट्ट. तेल येतं वरून कुठूनतरी. ओघळत येतं. माझ्या नाकावर लटकतं. टप. आणि नाव कोणाचं? माझं. आजोबा रोज मलाच आवळतात. मान अवघडली माझी. रफीकचाचांनी दुरुस्ती केली, की मी राहीन कोरडा."

रफीकचाचा म्हणजे मिस्त्री. फाटकासमोरच त्यांचं गॅरेज. ठक ठक, खट खट.

शेपूट वर, चोच पुढे, टुणुक टुणुक निघाली. गेली रफीकचाचांकडे. रफीकचाचा होते एका रिक्षाखाली. नुसते पाय दिसत होते.

"चाचा हो चाचा, दुरुस्ती करा.
चाचांनी केली दुरुस्ती, की नट राहील कोरडा.
नट राहिला कोरडा, की गाडी थांबेल गळायची.
गाडी थांबली गळायची, की आजी देईल कापूस.
आजीने दिला कापूस, की घरटं होईल मऊ.
घरटं झालं मऊ, की अंडी घालीन दोन."

चाचा आजोबांना अण्णा म्हणायचे. पाय बोलले, "कोणाची, अण्णांची गाडी? करतो की. पण गळते कुठून, ते आधी दिसायला हवं. टपकतं खाली, गळतं वर. इंजिन स्वच्छ पुसायचं. पांढरी पावडर भुरभुरायची. मग गाडी चालू करायची. पावडर जिथे ओली, गळती तिथे. अण्णांना दहा वेळा सांगितलं. ते आपले नट आवळत बसतात. आजोबांनी भुरभुरली पावडर, की मी आलोच."

शेपूट वर, चोच पुढे, टुणुक टुणुक निघाली. गेली आजोबांकडे. आजोबांच्या हातात पाना. मांडीवर गाडीचं जाड पुस्तक. कपाळावर आठ्या.

"आजोबा हो आजोबा, पावडर भुरभुरा.
आजोबांनी भुरभुरली पावडर, की चाचा करतील दुरुस्ती.
चाचांनी केली दुरुस्ती, की नट राहील कोरडा.
नट राहिला कोरडा, की गाडी थांबेल गळायची.
गाडी थांबली गळायची, की आजी देईल कापूस.
आजीने दिला कापूस, की घरटं होईल मऊ.
घरटं झालं मऊ, की अंडी घालीन दोन."

आजोबा म्हणाले, "मला वाटतं, नटच गळतो. म्हणजे असं वाटतं. नसेलही. मी तीन वेळा वाचलं. पण मी चुकत असेन, तर?"

आजोबांनी चष्मा काढला. चष्मा पुसला. चष्मा घातला.

"बरं. इंजिन मी पुसतो. पण पावडरीचा डबा घरात एकच. तो छबूच्या हातात. मी मागितला, तर ती रडेल. ती रडली, तर तुझी आजी मलाच बोलेल. छबूने दिला डबा, की मी भुरभुरतो."

छबू म्हणजे घरातलं बाळ. आताच आंघोळ झालेली. अंजिराच्या सावलीत गोधडीवर बसलेली. हातात डबा. खुळ खुळ, खुळ खुळ.

शेपूट वर, चोच पुढे, टुणुक टुणुक निघाली. गेली छबूकडे.

"छबू गं छबू, डबा दे.
छबूने दिला डबा, की आजोबा भुरभुरतील पावडर.
आजोबांनी भुरभुरली पावडर, की चाचा करतील दुरुस्ती.
चाचांनी केली दुरुस्ती, की नट राहील कोरडा.
नट राहिला कोरडा, की गाडी थांबेल गळायची.
गाडी थांबली गळायची, की आजी देईल कापूस.
आजीने दिला कापूस, की घरटं होईल मऊ.
घरटं झालं मऊ, की अंडी घालीन दोन."

छबूला येत होते तीन शब्द.

"नाही," छबू म्हणाली.
"माझा," छबू म्हणाली.

मग छबूने डोळ्यांवर पंचा घेतला. पंच्याआडून म्हणाली, "कुक?"

शिंपीण थांबली. मान वाकडी केली. आता कोणाकडे जायचं? आजीकडे? गाडीकडे? नटाकडे?

कोणाकडेच नाही. हे तर तिला स्वतःलाच येत होतं.

शिंपीण उडाली भुर्र. बसली अंजिराच्या पानामागे.

"कुऽऽक."

आणि बाहेर आली.

"भॉऽऽ."

छबू हसली. खुदुखुदु.

पुन्हा पानामागे. कुऽऽक. पुन्हा बाहेर. भॉऽऽ.

छबू हसली. खिदीखिदी.

पुन्हा पानामागे. कुऽऽऽऽक. पुन्हा बाहेर. भॉऽऽऽऽ.

छबू इतकी हसली, की तिने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी टाळ्या, मग डबा कोण धरणार? डबा गोधडीवर पडला. गडगडत गेला आजोबांच्या पायाशी.

आजोबांनी छबूकडे पाहिलं. "घेऊ का गं?"

छबूने मान डोलावली.

छबूने दिला डबा.

आजोबांनी इंजिन पुसलं. थंड थंड इंजिन. पुस पुस पुस. मग भुरभुरली पावडर. वर भुरभुर, बाजूला भुरभुर, खाली नटावर भुरभुर. इंजिन पांढरं झालं. आजोबांची मिशीही पांढरी झाली. ती आधीच पांढरी होती म्हणा.

फाटकाशी जाऊन आजोबांनी हाक मारली, "रफीक, पावडर टाकली रे. बहुतेक बरोबर टाकली."

रिक्षाखालून पाय निघाले. पायांमागून पोट निघालं. पोटामागून रफीकचाचा निघाले. पिशवी घेऊन आले.

"अण्णा, किल्ली फिरवा."

खर्र… खुर्र… घुर्र घुर्र घुर्र.

सगळे वाकले. आजी वाकली. आजोबा वाकले. शिंपीण आरशावर बसून वाकली.

नट कसा होता? पांढरा, कोरडा.
बाजू कशी होती? पांढरी, कोरडी.
वरचं झाकण कसं होतं? झाकणाच्या कडेला पावडर ओली झाली. एक बारीक रेघ. काळी रेघ. रेघ हळूहळू खाली निघाली.

"ही बघा गळती," रफीकचाचा म्हणाले.

"म्हणजे नट नव्हता," आजोबा म्हणाले.

"नट नव्हता, अण्णा."

"मी कधीचा सांगतोय," नट म्हणाला.

इंजिन निवलं. मग चाचांनी वरचं झाकण उघडलं. आत होतं रबराचं पॅकिंग. झाकण घट्ट बसावं म्हणून असतं ते. पण हे जुनं झालं होतं. चाचांनी वाकवलं. कटकन मोडलं.

"पापड झालाय याचा," चाचा म्हणाले. "सगळं तेल इथूनच बाहेर."

चाचांच्या पिशवीत नवं पॅकिंग होतं. मऊ मऊ, लवचिक. चाचांनी ते बसवलं. झाकण लावलं. खट खट, खट खट. कमी झालेलं तेल भरलं. ग्लग ग्लग. सगळं पुन्हा पुसलं.

मग सगळे गाडीत बसले. छबूसुद्धा. घुर्र घुर्र करत गल्लीतून फिरून आले. गाडी पुन्हा जागेवर उभी राहिली.

आजोबा वाकून बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"थांबली वाटतं. पण आताच कसं सांगावं? थोड्या वेळाने टप झालं, तर?"

आजी म्हणाली, "अहो, त्या पाखराला उद्या अंडी घालायची आहेत."

आजीने परडीतून कापूस काढला. या वेळी चिमूटभर नाही. चांगल्या दोन चिमटी.

शिंपिणीने चोचीत धरला. पांढराशुभ्र कापूस. शेपूट वर, चोच पुढे, टुणुक टुणुक निघाली.

ऊन फार होतं. पाय चटचट भाजले. वाटेत गाडी. गाडीखाली सावली.

शिंपीण सावलीत टेकली. अगदी नटाखाली. कापूस खाली ठेवला.

आजी बघत होती. चाचा बघत होते. आजोबा श्वास रोखून बघत होते.

टप नाही.
आणखी थोडं थांबली.
टप नाही.
पाय चांगले गार झाले.
टप नाही.

कापूस पांढराच होता.

"हुश्श," नट म्हणाला.
"हुश्श," गाडी म्हणाली.
"हुश्श," चाचा म्हणाले आणि परत रिक्षाखाली गेले.
"हुश्श," आजी म्हणाली आणि वाती वळायला बसली.

आजोबा आधी उभे राहिले. त्यांनी पाना पेटीत ठेवला. पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "हुश्श."

घरटं झालं मऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा अंगणात आले. वाकून गाडीखाली पाहिलं. फरशी कोरडी. मग टाचा उंचावून पानाच्या पिशवीत पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

पांढऱ्या कापसात अंडी होती. एक आणि दोन.

"दोनच आहेत," आजोबा म्हणाले. "नक्की."

आणि पानामागून कोणीतरी म्हणालं, "भॉऽऽ."

गाडी कोरडी, घरटं मऊ,
गोष्ट संपली, झोपी जाऊ.