सव्वा किलो वेलची

केळुसकर साहेबांची कंपनी इस्पितळांसाठी सलाइनमधून औषध सोडणारे पंप बनवायची. पंपाचा प्रोग्रॅम मृण्मयीने लिहिला होता आणि त्यात प्रत्येक आकड्याला त्याचं एकक जोडून ठेवलं होतं. मायक्रोग्रॅमच्या जागी कुणी मिलिग्रॅम दिले, की प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तिथेच अडून बसायचा. उद्या ऑफिसात सत्यनारायण, मग लगेच नवा पंप बाजारात; आणि कंपायलर नेमका आज अडला होता.

"काढून टाक ती एककं!" साहेब सगळ्यांदेखत गरजले. "आकडा तो आकडा. बाकीचं माणसाने लक्षात ठेवायचं. आणि हो, आचाऱ्याला फोन लाव. प्रसादाचा शिरा, रिवाजाप्रमाणे सगळं सव्वा."

मृण्मयीने तिथूनच फोन लावला. "काका, रवा सव्वा किलो, साखर सव्वा किलो, तूप सव्वा किलो, वेलची सव्वा किलो..."

"अगं, थांब!" साहेब खुर्चीतून उठलेच. "सव्वा किलो वेलची? तोंडात घालवणार नाही कुणाला! तोळा सांग, सव्वा तोळा!"

मृण्मयीने फोनवर हात ठेवला. "पण साहेब, आकडा तर तोच आहे. बाकीचं आचारी ठेवतील की लक्षात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मृण्मयी हसली नाही.

"शिरा बिघडला तर टाकून देता येईल, साहेब. पेशंटच्या अंगात गेलेलं औषध परत काढता येत नाही."

साहेब स्वतःची खुर्ची ओढत तिच्या टेबलापाशी आले.

"कंपायलर कुठे अडलाय, दाखव. पंप जाईल सावकाश. पण आधी त्या बिचाऱ्याला तोळा सांग!"