चतुःसीमा

एकदा एका डोंगराखालच्या गावावर पौषातलं धुकं असं उतरलं, की अंगणात उभ्या माणसाला स्वतःचं कुंपण दिसेना. झाडांवरून थेंब गळत होते, पाखरं गप्प होती, आणि गावात कोण उठलं, कोण अजून निजलेलं आहे, हे चुलीच्या धुराच्या वासावरूनच ओळखायचं.

त्या सकाळी एका वृद्ध वैद्याच्या पडवीत दोन गिऱ्हाइकं येऊन बसली होती. वैद्यबुवांची नजर मंदावली होती. लेकीच्या गावी जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून घर विकायला काढलेलं. त्यांच्यापाशी बारा वर्षं विद्या घेतलेला एक शिष्य होता. घराचे पैसे आले की त्यातून तुला औषधांची एक खोली बांधून देईन, असा शब्द बुवांनी त्याला दिला होता. त्यामुळे घर कोणाला जातं, याची काळजी बुवांपेक्षा शिष्यालाच अधिक.

पहिलं गिऱ्हाईक धान्याचा व्यापारी. दुसऱ्यापेक्षा तो पुष्कळ जास्त देत होता. म्हणाला, "बुवा, मला काही इथं राहायचं नाही. पोती ठेवीन, कुलूप लावीन. पोती कुणाशी भांडत नाहीत."

दुसरा तांबट, तांब्यापितळेची भांडी घडवणारा. तो ओशाळून हसला. "माझं सगळं उलटंच. एक हातोडा आणि पाच पोरं. एक थांबलं की दुसरं सुरू."

शिष्याला यात विचार करण्यासारखं काही दिसेना. व्यापाऱ्याच्या पैशांत खोली उभी राहत होती. तांबटाच्या पैशांत तिचा पायादेखील कसाबसा झाला असता.

बुवा मात्र उठले. "बसा दोघंही. गूळपाणी घ्या. मी जरा केरोबाला विचारून येतो."

शिष्य चपापला. केरोबा म्हणजे उत्तरेकडच्या घरातला म्हातारा शिंपी, एकटा राहणारा. बुवांच्या छपराचं पाणी आपल्या अंगणात पडतं, म्हणून तो एकदा भांडला होता. बुवांनी पन्हळ लावून पाण्याची वाट केव्हाच बदलली, पण अबोला काही गेला नाही. त्याला अकरा वर्षं झाली होती.

अंगणात बुवांना गाठून शिष्य म्हणाला, "गुरुजी, ज्यानं अकरा वर्षं तोंड फिरवलं, त्याला तुमच्या घराचं काय विचारायचं? तो मुद्दाम कमी पैशांकडे बोट दाखवील."

बुवांनी कनवटीचा घडी घातलेला कागद काढला. घराचा जुना कागद होता तो. "माझं घर कुठं आहे, एवढं वाच."

शिष्यानं कागद डोळ्यांशी धरला. "पूर्वेस गावरस्ता. पश्चिमेस ओढा. दक्षिणेस देवळाची जागा. उत्तरेस केरोबा शिंपी यांचे घर."

"पुढं?"

"झालं. चतुःसीमा संपल्या, गुरुजी."

"या भिंती मी माझ्या हातांनी लिंपल्या," बुवा शांतपणे म्हणाले. "त्यांचा यात एक शब्द तरी आहे का? चार बाजूंना चौघं आहेत, त्यांच्यामध्ये उरलं ते माझं घर. उद्या मी निघून जाईन, पैसेही खर्चून जातील. घर मात्र केरोबाच्या शेजारीच राहील. रस्त्याला विचारता येत नाही, ओढ्याला विचारता येत नाही. ज्याला विचारता येतं, त्याला तरी विचारावं."

"आणि त्यानं डाव साधला तर?"

"साधू दे. विचारणं माझ्याकडे आहे, उत्तर त्याच्याकडे."

असं म्हणून बुवा हात पुढे करून धुक्यात चालू लागले. आठ पावलांचं तर अंतर. बारा वर्षं शिष्य या माणसाकडून मुळ्या ओळखायला, काढे करायला शिकला. आपण कोणापाशी राहत होतो, हे त्याला आत्ता दिसलं. त्यानं नकळत पायांतल्या वहाणा काढल्या आणि मागोमाग निघाला.

केरोबानं दार अर्धंच उघडलं. हातात सुई होती. या, बसा, काही म्हणाला नाही. बुवांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच दोन्ही गिऱ्हाइकांचं होतं तसं सांगितलं, आणि म्हणाले, "तू म्हणशील त्याला देतो."

"जास्त कोण देतो?"

"ते मी पाहिलंय. तुला काय पाहायचं, ते तू पाहा."

केरोबानं सुई सदऱ्याला टोचून ठेवली. मग त्यानं शिष्याला विचारलं, "तू का रे गप्प? तुझ्या मनात कोण आहे?"

शिष्याच्या जिभेवर ती खोली आली होती. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं.

"मी इथं राहणार नाही, काका," तो म्हणाला.

बुवांनी मान वळवली आणि त्या मंद नजरेनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"तांबटाला द्या," केरोबा म्हणाला.

शिष्याच्या डोळ्यांसमोरून ती खोली गेली, आणि नवल म्हणजे तिच्यामागे मन धावलं नाही. तो नुसता त्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहत राहिला.

बुवा म्हणाले, "केरोबा, नीट विचार कर. दिवसभर ठोकाठोक, वर पाच पोरं. व्यापाऱ्याचा तुला काडीचा त्रास झाला नसता."

केरोबानं दार पुरतं उघडलं.

"अकरा वर्षं शेजारून एक शब्द आला नाही, वैद्यबुवा. आता ठोकू दे त्याला."