चौथ्या वेशीवरचा मल्लू

एकदा एक वृद्ध गृहस्थ सोलापुरात राहत होते आणि ते दिवसभर नेमकं करतात काय, हे त्यांच्या सुनेलाही धड सांगता येत नसे. "गेमचं काहीतरी लिहीत बसतात," एवढं बोलून ती विषय संपवी. पूर्वी त्यांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पुढे ते बंद पडलं, त्या जागी मोबाईलचं दुकान आलं, पण म्हाताऱ्याचा जीव काही त्या खेळांतून निघाला नाही. शंकरअप्पा त्यांचं नाव. सगळे नुसतं अप्पा म्हणत.

अप्पा एका विकीचे प्रमुख होते. विकी म्हणजे चाहत्यांनी मिळून इंटरनेटवर चालवलेला कोश. त्याचा पगार कुणी देत नाही आणि आभारही कुणी मानत नाही. 'सात वेशी' नावाचा एक मराठी गेम एका छोट्या कंपनीने काढला होता, त्याचा हा कोश. गेममधल्या प्रत्येक पात्राला त्यात स्वतंत्र पान. ते पात्र कोणत्या आवृत्तीत दिसतं, कोणत्या नावाने दिसतं, गेम पुन्हा नव्याने काढला तेव्हा त्याचं काय झालं, हे सारं त्या पानावर नोंदवायचं. जगाच्या दृष्टीने हा निव्वळ रिकामटेकडेपणा. तुम्हीही आत्ता मनात तेच म्हणालात, कळलं मला. पण जरा दम धरा.

अप्पांचा कटाक्ष असा, की पात्राचं पान पहिल्या आवृत्तीतल्या नावानेच राहील. कंपनीने पुढे कितीही बारशी केली तरी ती नावं खाली. आणि आवृत्तीपुढचा रकाना कधी मोकळा राहता कामा नये. 'आहे' लिहा नाहीतर 'नाही' लिहा. मोकळा रकाना दिसला की ते लिहिणाऱ्याला फोन करून चांगलं फैलावर घेत.

या अप्पांकडे लावण्या गड्डम विकीवर नोंदी करायला शिकायला आली. ती औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट होती आणि गेमचा तिला मुळीच नाद नव्हता. तिचा थोरला भाऊ मल्लेश त्या गेम काढणाऱ्या कंपनीत चित्रकार होता. घरात तेलुगू बोलत, म्हणून ती त्याला अन्ना म्हणे. खेळातल्या चौथ्या वेशीवर एक पाणपोई होती आणि तिथे मल्लू नावाचा इसम रांजणापाशी बसलेला असे. तो चेहरा मल्लेशने स्वतःचाच काढला होता, नाव स्वतःचंच ठेवलं होतं आणि आवाजही स्वतःचाच दिला होता. तहानलेला खेळाडू जवळ आला की मल्लू म्हणे, "बस की जरा. एवढी कुठं आग लागलीया?" गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी मल्लेश काविळीने गेला.

घरात आई आणि लावण्या दोघीच उरल्या. लांबची माणसं भेटली की आई सांगे, "मल्लेश हैदराबादला असतो," आणि लावण्या मान डोलावी. त्याचा मोबाईल कपाटात होता. त्याचं रिचार्ज तिने कधी चुकवलं नाही, कारण नंबर बंद पडला तर कंपनी तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकील आणि मग अन्नाच्या नंबरावर कुणीतरी परका बोलेल, हे तिला सहन होणारं नव्हतं.

काही काळाने गेम एका मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि नव्याने काढला. चित्रं चकचकीत झाली. मल्लूचा 'जलसेवक' झाला आणि तो कुणा दुसऱ्याच्या भारदस्त आवाजात "पथिका, विश्राम कर" असं म्हणू लागला. पीयूष नावाचा विकीतला एक उत्साही सभासद म्हणाला, की नवे खेळाडू नवंच नाव शोधणार, तेव्हा पानाचं नावही 'जलसेवक' करावं. अप्पा म्हणाले, "बापानं ठेवलेलं नाव वर राहील. बाकीची खाली." त्या दिवशी लावण्या दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन पोटभर रडली. अप्पांवर तिचा विश्वास बसला तो तेव्हापासून.

मग मोबाईलची आवृत्ती आली. मोबाईलवर खेळणारा माणूस पाणपोईवर कशाला थांबतोय. कंपनीने तो इसमच काढून टाकला. लावण्या चौथ्या वेशीपर्यंत खेळत गेली तेव्हा तिथे नुसता रांजण होता. ती बराच वेळ तशीच थांबून राहिली. चुकून तरी कुणी बोलेल, असं तिला वाटत होतं. कुणीही बोललं नाही. मग तिने विकी उघडला आणि मल्लूच्या पानावर, मोबाईल आवृत्तीपुढे, 'आहे' असं लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी ते पुसलं. इथवर ठीक होतं. खोटी नोंद त्यांनी सख्ख्या नातवाचीही ठेवली नसती. पण त्यांनी 'नाही' लिहिलं नाही. रकाना मोकळा सोडला. पीयूष तो भरायला गेला तर म्हणाले, "त्याला कुणी हात लावायचा नाही." सभासदांना काही उमगेना. म्हाताऱ्याला चष्मा बदलायला झालाय, अशी थट्टाही झाली. दिवसांमागून दिवस गेले आणि तो एकच रकाना मोकळा राहिला. लावण्याला वाटलं, हे आपल्याला सगळ्यांसमोर ताटकळत उभं करणं आहे. ती तडक अप्पांच्या घरी गेली.

सुनेने चहा ठेवला. लावण्याने कपाला हात लावला नाही.

"अप्पा, माझी नोंद पुसलीत तुम्ही."

"पुसली."

"रांजण आहे तिथं. कुणीतरी भरतच असेल की तो."

"मग रांजणाचं पान काढ आणि त्याच्यावर 'आहे' लिही. मी अडवणार नाही."

"एका शब्दानं कुणाचं काय वाईट होत होतं? कोण तपासायला जातंय?"

"बस आधी," अप्पा म्हणाले. ती बसली. मग ते सावकाश बोलू लागले. "पहिली आवृत्ती आता विकत मिळत नाही. तिची सीडी नव्या संगणकावर चालत नाही आणि माझा जुना संगणकही परवा कायमचा बसला. तुझ्या भावाचा तो आवाज आता मलासुद्धा ऐकता येत नाही, पोरी. तो होता, एवढं सांगणारं आता ते एक पान उरलंय. उद्या कुणी ते वाचून मोबाईलवर चौथ्या वेशीपाशी जाईल. तिथं त्याला कुणी दिसणार नाही. तो म्हणेल, हे पान थापा मारतं. मग वरच्या ओळीतला मल्लू, त्याचं नाव, त्याचं ते 'बस की जरा', हे सगळंही थापच ठरेल. जिथं तो नाही तिथं तू त्याला उभं केलंस आणि जिथं खरोखर होता तिथून उठवलंस."

लावण्या खाली बघत राहिली. चहावर साय धरली होती.

"मग 'नाही' लिहून मोकळं व्हायचं होतं. रकाना तसाच का ठेवलात? नियम तुमचाच आहे ना?"

"माझाच. आणि तो मोडल्याचं मला वाईट वाटतं. पण ते 'नाही' मी लिहिलं असतं तर तू रात्रंदिवस माझ्याशी भांडत राहिली असतीस. दुसऱ्यानं लिहिलेलं 'नाही' माणूस मान्य करत नाही. ते ज्याचं त्यानं लिहावं लागतं. म्हणून थांबलो. आणि दुसरं सांगतो. 'नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असलं, की वाचणारा विचारतो, अरे, मग आधी इथं कोण होतं? मोकळी जागा बघून असं कुणी विचारत नाही."

ती उठली. तिला अप्पांचा राग आला होता आणि त्यांचं म्हणणं पटलंही होतं. या दोन्ही गोष्टी एकदम होतात तेव्हा माणसाला चालताना रस्ता दिसत नाही. घरी येऊन तिने पान उघडलं. बोटं त्या रकान्यापर्यंत जात आणि परत येत. शेवटी तिने ते बंद केलं.

त्याच आठवड्यात कमलाबाई आल्या. पूर्वी शेजारी राहायच्या, मग कुटुंबासकट भिवंडीला गेल्या, त्यांच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मल्लेशलाही आणा हं. काय करतो तो सध्या?"

"तो हैदराबादला..." आईने सुरुवात केली आणि सवयीप्रमाणे लावण्याकडे पाहिलं.

लावण्याची मान हलली नाही. आईच्या डोळ्यांत भीती आली, ती तिला दिसली. आता थांबावं, असं फार वाटलं तिला. तरी ती म्हणाली, "मावशी, अन्ना नाही आता. काविळीनं गेला."

आईने पदर तोंडाला लावला. आता ही कोसळणार, असं लावण्याला वाटलं आणि आपण हे काय केलं, म्हणून ती स्वतःलाच दोष देऊ लागली. कमलाबाईंनी आईच्या मांडीवर हात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "मी इथून गेले तेव्हा एवढासा होता गं. मोठा झाल्यावर कसा होता?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. हैदराबादला असलेल्या मुलाबद्दल कोण कशाला विचारील? आई रडली, खूप रडली, आणि रडता रडताच सांगू लागली. तो भिंतीवर कोळशाने चित्रं काढायचा आणि मार खायचा. दारात कुणीही आलं, अगदी मीटर बघायला आलेला माणूस असला तरी, पाण्याचा तांब्या घेऊन पुढे व्हायचा आणि म्हणायचा, बस की जरा. हे वाक्य आईच्या तोंडून ऐकून लावण्याने चेहरा ओंजळीत झाकला. गेममधला तो मल्लू आईने कधी पाहिलेला नव्हता.

कमलाबाई गेल्यावर लावण्याने पान उघडलं आणि मोबाईल आवृत्तीपुढे 'नाही' असं लिहिलं. अप्पांनी ते वाचलं असणार. त्यांचा फोन मात्र आला नाही.

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा रकाना मोकळा असेल, तर तो दुसऱ्या कुणाला भरू देऊ नका.