कुलूप लावलेले तळे

माळावरच्या एका लहानशा गावी एकदा एक शिक्षिका राहत होती. दमयंतीबाई तिचे नाव. दोन वर्षे खपून तिने मुलांच्या आणि गावकऱ्यांच्या मदतीने शाळेमागच्या खोलगट जागेत एक तळे खोदून घेतले होते. पहिल्याच पावसाळ्यात ते भरले, आणि ऐन वैशाखातही त्यात पुरुषभर पाणी टिकून राहिले. त्या वर्षी तालुक्याने शाळांच्या पर्यावरण प्रकल्पांसाठी पुरस्कार जाहीर केला, तेव्हा दमयंतीबाईंनी सर्वांत आधी अर्ज भरला.

त्यांना मानाची हाव नव्हती, भीती होती. शाळेचा पट चौदावर आला होता आणि ती शेजारच्या गावच्या शाळेत विलीन होणार, अशी कुजबुज सुरू झाली होती. पुरस्कार मिळालेली शाळा कोण बंद करील, असा त्यांचा हिशोब होता.

परीक्षण समिती येईपर्यंत पाण्याची पातळी उतरू नये म्हणून त्यांनी तळ्याभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले, लाकडी फाटक बसवले आणि त्याला कुलूप ठोकले. आठ दिवसांचा प्रश्न आहे, असे त्यांनी गावाला सांगितले. गावानेही ऐकले. पण समितीची तारीख एकदा पुढे गेली, मग पुन्हा गेली. आठाचे अठरा दिवस झाले. गुरे दीड कोसावरच्या नदीपात्रात झऱ्यावर जाऊ लागली, आणि मग तो झराही आटत चालला.

समिती येण्याच्या दोन दिवस आधी दमयंतीबाईंचे गुरुजी मुद्दाम तळे पाहायला आले. ऐंशीच्या घरातले हे वृद्ध गृहस्थ. त्यांनीच तिला लहानपणी शिकवले होते. तिने त्यांना सारे हौसेने दाखवले: पाण्याची उंची मोजणारी रंगवलेली पट्टी, मुलांनी काढलेले तक्ते, ‘सर्व जीवांसाठी पाणी’ असा ठसठशीत फलक. तेवढ्यात हौसाबाई नावाची म्हातारी मेंढपाळीण आपल्या शेळ्या घेऊन कुंपणापाशी आली. तिचे एक करडू काट्यांपाशीच बसले ते उठेना. तिने फाटक उघडण्याची विनवणी केली. दमयंतीबाईंनी मान खाली घालून आणखी दोनच दिवस कळ काढायला सांगितले. एकीला उघडले तर साऱ्यांना उघडावे लागेल, हेही सांगितले. करडू खांद्यावर टाकून हौसाबाई निघून गेली. गुरुजींनी तो फलक पुन्हा एकदा वाचला आणि तळ्यात डोकावून पाहिले.

समितीच्या दिवशी सकाळी अंगणात सडा पडला, रांगोळी आली, मुले गणवेशात उभी राहिली. तळे आरशासारखे निवांत होते. गुरुजींनी पाय धुवायचे निमित्त करून किल्ली मागितली. दमयंतीबाईंनी न विचारता दिली.

थोड्याच वेळात एक मूल धापा टाकत आले. बाई धावत मागे गेल्या, तो फाटक सताड उघडे आणि गुरुजी बाजूला उभे. नदीकडे निघालेल्या हौसाबाईच्या शेळ्या, मागोमाग बिरू धनगराची मेंढरे, त्यांच्या मागे गावच्या म्हशी पाण्यात शिरत होत्या. पाणी गढूळ झाले, काठचा चिखल तुडवला गेला, मापाची पट्टी एका म्हशीच्या धक्क्याने आडवी झाली. आणि खालच्या रस्त्यावर समितीच्या गाडीचा धुरळा दिसू लागला होता.

आयुष्यात पहिल्यांदा दमयंतीबाई गुरुजींवर चिडून बोलल्या.

“गुरुजी, दोन वर्षं राबलेय मी. अजून तासभर थांबला असतात तर काय बिघडलं असतं?”

“तासभराचं मला ठाऊक नाही,” गुरुजी म्हणाले. “पण परवा ते करडू तुझ्या कुंपणाशी बसलं होतं. त्याला पाण्याचा वास येत होता. मी तुझा फलक वाचला आणि मग तळ्यात डोकावलो. आत नुसतं आभाळ होतं. जनावर तोंड लावतं, बाई घागर बुडवते, म्हणून ते तळं. एरवी तो खड्ड्यात साठलेला देखावा. तू तळंच खोदलं होतंस, दमयंती. कुलूप लावलंस त्या दिवशी त्याचं प्रदर्शन झालं. आता लोक येताहेत. त्यांना सांग, एका म्हाताऱ्यानं न विचारता फाटक उघडलं. ते खरंच आहे, आणि तुझ्यावर ठपका येणार नाही.”

गाडी थांबली. समितीच्या अध्यक्षा फाटकाशी आल्या आणि तो चिखल पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. तळ्याची अशी दशा का, असे त्यांनी विचारले. मुले बाईंच्या तोंडाकडे पाहत होती. हौसाबाईने घाबरून शेळ्या बाहेर हाकायला काठी उचलली.

दमयंतीबाईंनी हात पुढे करून ती काठी अडवली.

“अठरा दिवस मी याला कुलूप लावलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला भरलेलं दिसावं म्हणून. माझं चुकलं. हे आज जे दिसतंय, ते खरं तळं.”

अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहिले, त्या मुलांशी दोन शब्द बोलल्या आणि गाडी गेली.

पुरस्कार दुसऱ्या शाळेला मिळाला. दमयंतीबाईंच्या शाळेचे काय होणार, हे पुढे कित्येक महिने कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या काळजीने त्यांची झोप उडाली ती उडालीच. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुलांना घेऊन गावात बैठक बसवली. कोणाचा कळप कोणत्या वेळी यायचा, पिण्याचे पाणी कोणत्या काठाने भरायचे, याच्या पाळ्या ठरल्या. पाणी रोज बोटभर उतरत गेले. मृगापर्यंत पुरेल की नाही, याचा अंदाज मुले रोज बांधत राहिली.

निरोप घेताना गुरुजींनी तिला विचारले, राग गेला का?

“थोडा आहे अजून,” ती म्हणाली आणि वाकून नमस्कार करता करता पुढे बोलली, “पण तो तुमच्यावर नाही.”

आपण केलेले काम दाखवण्यासाठी ज्यांना दूर उभे करावे लागते, ते काम बहुधा त्यांच्यासाठीच सुरू झालेले असते.